उंबरठ्याच्या आतला कायदा : राजर्षी शाहू छत्रपती

दरवर्षी २६ जून रोजी आपल्या विद्यालयात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण केला जातो. विद्यार्थी भाषणे करतात. आरक्षणाचे जनक, वसतिगृहांचे प्रणेते, बाबासाहेबांचे पाठीराखे, ही विशेषणे त्या भाषणांत हमखास येतात आणि ती यथार्थही आहेत. निवासी शाळेत वाढणाऱ्या मुलांनी वसतिगृहांच्या राजाचे ऋण मानावे, यापेक्षा स्वाभाविक काय असू शकते? परंतु इतकी वर्षे इतिहास शिकविताना एक गोष्ट माझ्या ध्यानी आली आहे. १९१७ ते १९२० या अवघ्या तीन-चार वर्षांत महाराजांनी स्त्रियांच्या संदर्भात कायद्यांची जी मालिका निर्माण केली, तिचा उल्लेख या भाषणांत क्वचितच होतो. दोष मुलांचा नाही. वर्गात मीही त्या कायद्यांना एका ओळीपलीकडे जागा दिली नव्हती. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती उणीव भरून काढावी, असा हा अल्प प्रयत्न आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कोल्हापुरात कागलकर घाटगे यांच्या घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे, आई राधाबाई. मातृछत्र बालपणीच हरपले. करवीरच्या गादीचे चौथे शिवाजी महाराज निधन पावल्यावर त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि दहा वर्षेही पुरी न झालेला हा मुलगा शाहू छत्रपती झाला. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि पुढे धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी वधू कोवळ्या वयाची होती. त्या काळाच्या रीतीला राजवाडाही अपवाद नव्हता, हे येथे मुद्दाम नोंदवितो; कारण पुढे ज्या रूढींविरुद्ध महाराजांनी लेखणी उचलली, त्या रूढी त्यांच्या घरातही नांदत होत्या.

२ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. लगोलग दुष्काळ आणि प्लेग ही दोन संकटे कोसळली. त्यांना तोंड देत असतानाच १८९९ मध्ये वेदोक्त प्रकरण उद्भवले. आपल्याच राज्यात, आपल्याच पगारी पुरोहिताकडून छत्रपतीला शूद्र ठरविले जाते, हा अनुभव त्यांना अंतर्मुख करून गेला. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्यात आल्या. १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा नाना समाजांच्या मुलांना शहरात निवारा मिळाला. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. हा इतिहास आपल्या परिचयाचा आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही.

स्त्रीशिक्षणाकडे मात्र महाराजांचे लक्ष राज्यारोहणापासूनच होते. १८९५ मध्ये संस्थानातील मुलींच्या शिक्षणाची देखरेख रखमाबाई केळवकर यांच्याकडे आली. एका मराठी स्त्रीच्या हाती एका खात्याची जबाबदारी सोपविणे ही त्या काळी साधी बाब नव्हती. रखमाबाईंच्या कन्या कृष्णाबाई यांना महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन मुंबईला वैद्यकीय शिक्षणासाठी पाठविले, पुढे विलायतेतही पाठविले आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक केली. घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या, पुरुष वैद्याला हात दाखवायलाही संकोचणाऱ्या असंख्य स्त्रियांसाठी एक स्त्री डॉक्टर उपलब्ध झाली, याचे मोल आज आपल्याला चटकन उमगणार नाही.

परंतु शाळा काढणे आणि कायदा करणे यांत अंतर आहे. शाळेच्या दाराशी मुलीला कोणीतरी आणून सोडावे लागते. आणणारा बाप नसेल, सासरा आडवा येत असेल, नवरा मारीत असेल, तर शाळेचे दार उघडे असूनही उपयोगाचे नाही. घराच्या उंबरठ्याच्या आत जो अन्याय चालतो, त्याला ना शाळा पोहोचते ना वसतिगृह. तेथे पोहोचतो तो कायदाच. आणि तोही कोणी त्याला हाक मारली तरच. महाराजांच्या अखेरच्या पाच वर्षांतील कायद्यांकडे या दृष्टीने पाहावे लागते.

१९१७ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. याच वर्षी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद झाली. आणि याच वर्षी विधवांच्या पुनर्विवाहाची नोंदणी करणारा कायदाही आला. ब्रिटिश हिंदुस्थानात विधवाविवाहास १८५६ पासून कायद्याची मान्यता होती, हे खरे. परंतु मान्यता असणे वेगळे आणि पुरावा असणे वेगळे. पुनर्विवाह झाल्याचे कोठे लिहून ठेवलेले नसेल, तर उद्या भाऊबंद उठून त्या स्त्रीला रखेली व तिच्या लेकरांना अनौरस ठरवू शकतात. सरकारी दप्तरात नोंद झाली की तिच्या पत्नीपणाला आधार मिळतो. ज्या माणसाच्या हाती कागद नाही त्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्यापाठोपाठ आंतरजातीय विवाहाचा प्रश्न आला. १८७२ च्या विवाह कायद्यानुसार भिन्न जातींच्या वधूवरांना लग्न करायचे तर आपण अमुक धर्माचे नाही, असे जाहीर करावे लागे. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांनी ही अडचण दूर करणारे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. सनातन्यांनी त्याविरुद्ध काहूर उठविले आणि ते विधेयक संमत होऊ शकले नाही. महाराजांनी त्याला जाहीर पाठिंबा तर दिलाच, शिवाय आपल्या संस्थानात आंतरजातीय विवाहास कायद्याची मान्यताही देऊन टाकली. एवढ्यावर न थांबता कागलच्या घाटगे घराण्याची सोयरीक इंदूरच्या होळकरांशी जुळविण्यात, म्हणजे मराठा आणि धनगर या दोन समाजांत रोटीबेटीचा व्यवहार घडविण्यात, त्यांनी पुढाकार घेतला. तो विवाह त्यांच्या निधनानंतर पार पडला. आपण केलेला कायदा आधी आपल्या नात्यागोत्यात लागू करावा, ही त्यांची रीत होती.

या रीतीची खरी कसोटी १९१८ मध्ये लागली. धाकटे राजपुत्र शिवाजी यांचा विवाह १९१७ च्या जून महिन्यात सासवडच्या जगताप घराण्यातील इंदुमतीदेवींशी झाला होता. वर्षभरातच, १२ जून १९१८ रोजी, शिकारीच्या प्रसंगी अपघात होऊन राजपुत्र मरण पावले. इंदुमतीदेवी तेव्हा अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक काळजी घ्यावी. सुनेच्या वैधव्यामुळे महाराजांना विधवांचा कळवळा आला, असे सोपे समीकरण कोणी मांडू नये. पुनर्विवाह नोंदणीचा कायदा त्याआधीच झाला होता. आधी कायदा आला, मग त्याच प्रश्नाने राजवाड्याचे दार ठोठावले.

महाराजांनी काय केले? केशवपन, कोंडून घेणे, अंधाऱ्या खोलीतले उरलेले आयुष्य, ही विधवेची रूढ वाट त्यांनी सुनेच्या वाट्याला येऊ दिली नाही. राजवाड्यातील नाराजी पत्करून त्यांनी सोनतळी येथे तिच्या राहण्याची व शिक्षणाची व्यवस्था केली आणि वेगवेगळ्या जातींच्या मुली तिच्या सोबतीला ठेवल्या. त्या छोट्याशा जागेला आज आपण निवासी शाळाच म्हणू. एका बालविधवेसाठी सासऱ्याने काढलेली शाळा! पुढे इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचे भरीव कार्य केले. त्यांचा पुनर्विवाह मात्र झाला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ज्या राजाने पुनर्विवाहाचा कायदा केला, त्याच्या घरातील विधवा आमरण विधवाच राहिली. राजघराण्याच्या रूढीपुढे कायदा तोकडा पडला, की त्या मुलीने स्वतःच निराळी वाट निवडली, याचा निवाडा आपण करू नये. थोर पुरुषाच्या चरित्रात जे अपुरे राहिले तेही लिहावे, म्हणजे पुढच्यांना आपले काम कोठून सुरू करायचे ते कळते.

१९१९ मध्ये आलेला कायदा तर अपूर्व म्हटला पाहिजे. स्त्रियांना क्रूरपणाने वागविणाऱ्यास शिक्षा देणारा हा कायदा होता. घरच्या माणसांकडून होणारा छळ हा घरगुती मामला नसून तो अपराध आहे आणि त्यासाठी कैद व दंड भोगावा लागेल, असे एका राजसत्तेने १९१९ मध्ये लिहून ठेवले. नवऱ्याने बायकोला मारणे हा जेथे त्याचा अधिकार समजला जाई, जेथे म्हणी, ओव्या आणि पोथ्याही तो अधिकार गृहीत धरून चालत, त्या समाजात हे घडले. स्वतंत्र भारताच्या दंडसंहितेत पती व सासरच्या क्रूरतेबद्दलचे ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आले, आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ मध्ये. कोल्हापूरचा कायदा आणि दंडसंहितेतील ते कलम यांच्यात चौसष्ट वर्षांचे अंतर आहे. या चौसष्ट वर्षांत किती जणी विहिरीत उतरल्या, किती जणी जळाल्या, याची मोजदाद कोणी ठेवली?

त्याच सुमारास काडीमोडीचा कायदा झाला. अनेक जातींत काडीमोड घेण्याची चाल जुनीच होती. पण तिची सूत्रे जातीच्या पंचांच्या हाती असत. पंच बसणार, पंच दंड घेणार, पंच ठरवतील त्या अटीवर बाई सुटणार. महाराजांच्या कायद्याने घटस्फोटाला राज्याच्या कायद्याचे अधिष्ठान दिले. जातपंचायतीच्या जाचाविरुद्ध, सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविणारा कायदा आपल्या महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला, हे ध्यानात घेतले म्हणजे महाराजांची पावले किती पुढे पडत होती ते कळते.

१९२० च्या जानेवारीत जोगतिणी आणि अनौरस संतती यांच्याविषयीचा कायदा आला. देवाच्या नावाने मुलगी सोडायची, तिच्या गळ्यात दर्शन बांधायचे आणि मग तिला गावाच्या स्वाधीन करायचे, ही चाल दक्षिण महाराष्ट्रात व लगतच्या कर्नाटकात खोलवर रुजली होती. सोडलेल्या मुली बहुतांशी दलित व कष्टकरी जातींच्या असत. देवाला वाहिलेल्या मुलीचा बापाच्या घराशी संबंध तुटला, असे मानून तिला वारशातून वगळले जाई. या कायद्याने तिच्या आणि अनौरस ठरविलेल्या अपत्यांच्या वारसाहक्काचा विचार केला. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा व्हायला १९३४ साल उजाडावे लागले.

या पाचही कायद्यांत एक समान सूत्र मला दिसते. विधवा, जातीबाहेर लग्न करणारी, मार खाणारी, काडीमोड मागणारी आणि देवाला सोडलेली, या पाचही जणी अशा आहेत की ज्यांच्या बाजूने त्यांचे स्वतःचे घर उभे राहत नाही. घर पाठीशी नसलेल्या स्त्रीच्या पाठीशी राज्याने उभे राहावे, हा महाराजांचा विचार होता. हे आपण विसरलो याचे कारणही मला याच सूत्रात सापडते. आरक्षणाचा हुकूम आपल्याला दुसऱ्याकडून काही मिळवून देतो. स्त्रीविषयक कायदा आपल्याकडूनच काही मागतो. पहिल्याचे स्मरण सुखद असते, दुसऱ्याचे नसते.

आपल्या वऱ्हाडाशी महाराजांचा संबंध होता. डिसेंबर १९१७ मध्ये खामगाव येथे भरलेल्या मराठा शिक्षण परिषदेचे ते अध्यक्ष होते. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या रूपाने अस्पृश्यांना स्वतःचा पुढारी लाभल्याचे जाहीर केले आणि मे महिन्याच्या अखेरीस नागपूर येथील अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, त्यांचे निधन झाले.

माणूस गेला तरी त्याने पेरलेले उगवतच राहिले. नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीत परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. ते देऊळ आपल्या राजापेठेपासून दूर नाही. आपल्या मुली सुटीच्या दिवशी त्याच रस्त्याने जातात. त्याच महिन्यात वऱ्हाडातील डॉ. पंजाबराव देशमुख यांनी मुंबईच्या विमलाबाईंशी जातीबाहेर विवाह केला. याच विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या. आणि २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, तेव्हा तिच्या अध्यक्षस्थानी होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेबांच्या उपस्थितीत त्या परिषदेने स्त्रीला घटस्फोटाचा हक्क असावा आणि बहुपत्नीत्वाची चाल बंद व्हावी, अशी मागणी करणारे ठराव संमत केले. कोल्हापुरात राजाने जे दिले होते, ते तेवीस वर्षांनी अमरावतीची एक बाई सभेत उभी राहून हक्काने मागत होती. हा फरक लहान नाही. देणारा राजा गेला की देणे थांबू शकते. मागणारी जागी झाली की मागणे थांबत नाही.

बाबासाहेबांनी हिंदू संहिता विधेयकाच्या रूपाने हीच मागणी संसदेपुढे नेली. महाराजांना कायदा करण्यासाठी आपल्या सहीची गरज होती. बाबासाहेबांना शेकडो सभासदांच्या संमतीची होती. ती लाभली नाही. विधेयक रखडले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या विधेयकाचे तुकडे होऊन १९५५ आणि १९५६ मध्ये विवाह, वारसा, दत्तक आदी कायदे झाले. दुसरी बायको करण्यास बंदी आली, घटस्फोट मिळाला, मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा मिळाला. हे कायदे बौद्धांनाही लागू आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा दिला, पण त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तीही अट उरली नाही.

येथवर इतिहास झाला. आता एक कबुली देतो. माझे वडील गेले तेव्हा आमची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन होती. दोन्ही बहिणींकडून आम्ही भावांनी हक्कसोडपत्र लिहून घेतले. जबरदस्ती केली नाही. करावीच लागली नाही. त्या माहेरी आल्या, सह्या केल्या, साडीचोळी घेऊन गेल्या. ज्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची प्रतिमा होती, त्याच घरात तो कागद झाला आणि लिहिताना माझा हात थरथरला नाही. इतिहासाची पदव्युत्तर पदवी तेव्हा माझ्यापाशी होती. पुढे एका २६ जूनच्या भाषणाची तयारी करताना जोगतिणीच्या वारसाहक्काचा कायदा वाचला, आणि देवाला सोडलेल्या मुलीला जे एका राजाने नाकारले नाही ते मी सख्ख्या बहिणींना नाकारले, हे प्रथमच उमगले. धाकट्या बहिणीच्या वाट्याचे बक्षीसपत्र तीन वर्षांपूर्वी करून दिले. थोरली तोवर राहिली नव्हती.

हे मोठेपणासाठी लिहीत नाही. उशिरा केलेल्या गोष्टीत मोठेपणा नसतो. लिहितो ते एवढ्यासाठी की, हक्कसोडपत्राची ही चाल आपल्या वऱ्हाडात घरोघर आहे, आणि ज्या घरांत जयंती धूमधडाक्यात साजरी होते तीही तिला अपवाद नाहीत. दहावीची परीक्षा होताच मुलीचे स्थळ पाहणारे पालक आपल्याही शाळेत येतात. आपल्या मुलीला शिकविले, एवढ्याने आपण स्वतःला पुरोगामी समजतो. तिच्या नावावर काय केले, हे कोणी विचारीत नाही.

विद्यार्थिनींनो, तुम्ही येथे वसतिगृहात राहता आहात. सोनतळीला इंदुमतीदेवी राहिल्या, शिकल्या, तसे तुम्ही शिकावे. पण शाळेतून घरी जाल तेव्हा एक गोष्ट आवर्जून करा. घरच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते वाचून या. आईचे आहे का, आत्याचे होते का, होते तर केव्हा कमी झाले, ते विचारा. विचारताना आवाज चढविण्याची गरज नाही. आणि मुलांनो, बहिणीने हा प्रश्न विचारला तर तिला गप्प करू नका. येत्या २६ जूनला महाराजांवर बोलायला उभे राहणाऱ्याने आधी हे वाचन करून यावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.